काळ्या चौरसाचा कित्ता

मराठी मुलाच्या शिक्षणाचा आरंभ पूर्वीं धुळाक्षरांनीं होत असे. धूळपाटीवर पंतोजींनीं काढून दिलेल्या अक्षरावरून बोट फिरवीत राहावयाचें, बोट दुखूं लागेपर्यंत फिरवावयाचें, आणि मग केव्हां तरी पाटी सारखी करून तेंच अक्षर स्वतःच्या बोटानें उमटवावयाचें, असा तो क्रम होता. या क्रियेस आपल्या भाषेंत 'गिरविणें' हा फार समर्पक शब्द आहे. आणि ज्यावरून गिरवावयाचें त्यास आपण 'कित्ता' म्हणतों. पुढें हा शब्द अक्षरांवरून आचरणावर गेला, व थोरांचा कित्ता गिरवावा असें आपण मुलांस सांगूं लागलों. परंतु त्याच भाषेंत 'नक्कल' हा शब्द मात्र निंदेचा ठरला आहे. एकाच क्रियेस एका तोंडानें विद्या म्हणावयाचें आणि दुसऱ्या तोंडानें चोरी म्हणावयाचें, ही आपली दुहेरी दृष्टि कितपत यथार्थ आहे, हा प्रश्न आम्हांस गेलें वर्षभर पडला आहे. तो पडण्यास कारण झालें तें एक अत्यंत साधें, किंबहुना कांहींच्या मतें चित्र या नांवासही अपात्र असें चित्र होय.

चित्रकलेच्या इतिहासांत कित्त्यास मोठा मान आहे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत जुन्या चित्रांसमोर घोडी मांडून त्यांच्या नकला करणें हा एकोणिसाव्या शतकांतील चित्रकारांच्या शिक्षणाचा नित्याचा भाग होता. देगा आणि सेझान यांच्यासारखे पुढें बंडखोर ठरलेले चित्रकारही त्या दालनांत उभे राहून हात घडवून गेले. आपल्याकडील उदाहरण अजिंठ्याचें. इ. स. १८७२ ते १८८५ या काळांत मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं आपल्या विद्यार्थ्यांस लेण्यांत नेऊन तेथील भित्तिचित्रांच्या नकला करविल्या. त्या नकला लंडनला गेल्या आणि त्यांतील पुष्कळशा १८८५ सालच्या आगींत जळाल्या. कापडें जळालीं, पण पेस्तनजी बोमनजी यांच्यासारख्या विद्यार्थ्यांचे हात जे तयार झाले, ते कांहीं त्या आगीस सांपडले नाहींत. पुढें १९०९ ते १९११ च्या दरम्यान लेडी हेरिंगहॅम यांच्यासमवेत ज्या तरुणांनीं त्याच भिंतींचा कित्ता गिरविला, त्यांत नंदलाल बोस होते. त्या कामाचा ग्रंथ १९१५ सालीं प्रसिद्ध झाला. हें साल वाचकांनीं लक्षांत ठेवावें. कारण ज्या चित्राविषयीं आम्ही लिहीत आहों, तेंही त्याच वर्षीं जगापुढें आलें.

अजिंठ्याच्या भिंतीवर पाहावयास पद्मपाणि आहे, त्याच्या भुवईची कमान आहे, हातांतील कमळ आहे. नक्कल करणाऱ्याच्या डोळ्यांस धरून ठेवील असें त्यांत कांहीं तरी आहे. परंतु ज्या चित्रांत कशाचेंच चित्र नाहीं, त्याचा कित्ता कोणीं, कसा आणि कशासाठीं गिरवावा? हा प्रश्न आमच्यापुढें आला तो वर्गांत. विसाव्या शतकाच्या युरोपचा इतिहास शिकवितांना, रशियन क्रांतीच्या काळांतील कलेचा मासला म्हणून आम्हीं काझिमिर मालेविचच्या 'काळा चौरस' या चित्राची छापील प्रत मुलांस दाखविली. मागच्या बाकावरील एक विद्यार्थी हंसला. कारण विचारतां तो उभा राहून म्हणाला, "सर, हें तर माझी धाकटी बहीणही काढील." आम्हीं म्हटलें, "मग तूंच काढून आण." त्यावर तो नम्रपणें, पण डोळ्यांतील खट्याळपणा न लपवितां म्हणाला, "सर, आधीं तुम्ही काढून दाखवा ना." वर्ग हंसला, तास संपला. शाळेंत असतांना ड्रॉइंगच्या दोन ग्रेड परीक्षा दिल्यानंतर आम्हीं कुंचला हातीं धरला नव्हता. त्या आमच्यावर पन्नाशी उलटल्यानंतर चित्रकला शिकण्याची पाळी आली, ती अशी.

प्रथम चित्राचा इतिहास सांगणें अवश्य आहे. मालेविचचा जन्म इ. स. १८७९ सालीं कीव्हजवळ एका पोलिश कुटुंबांत झाला. वडील साखरेच्या कारखान्यांत नोकरीस असल्यामुळें त्याचें बालपण बिटाच्या मळ्यांच्या आसपास, खेड्यापाड्यांत गेलें. शेतकऱ्यांच्या घरांतील भिंतींवर व चुलींवर बायामाणसें जी नक्षी काढीत, ती पाहून व तशी काढून आपण चित्रकलेचा पहिला धडा घेतला, असें त्यानें आपल्या आठवणींत नमूद केलें आहे. पुढें तो मॉस्कोस आला व रेरबर्ग नांवाच्या चित्रकाराच्या शाळेंत शिकूं लागला. त्या शहरांत श्चुकिन नांवाच्या एका व्यापाऱ्यानें मोने, सेझान, मातिस, पिकासो यांचीं चित्रें पॅरिसहून आणून आपल्या वाड्यांत लाविलीं होतीं. मालेविच पॅरिसला न जातांच पॅरिसची सर्व चित्रविद्या शिकला, ती अशा संग्रहांच्या आधारें. त्याचीं त्या दहाबारा वर्षांतील चित्रें ओळीनें मांडलीं तर आज मोनेचा कित्ता, उद्यां सेझानचा, परवां घनवाद्यांचा, असा एखाद्या मेहनती विद्यार्थ्याच्या वहीसारखा क्रम दिसून येतो.

डिसेंबर १९१५ मध्यें पेट्रोग्राड येथें '०,१०' या विचित्र नांवाचें एक प्रदर्शन भरलें. त्यांत मालेविचनें आपलीं ३९ चित्रें मांडलीं. हीं चित्रें कोणत्याही वस्तूचीं नव्हतीं. पांढऱ्या पृष्ठावर रंगीत चौकोन, पट्टे आणि वर्तुळें यांचीच तीं रचना होती. या पद्धतीस त्यानें 'सुप्रेमॅटिझम' असें नांव दिलें. चित्रांत वस्तूचें नव्हे, तर शुद्ध संवेदनेचें आधिपत्य असावें, असा त्याचा भावार्थ. त्या सर्वांत अग्रभागीं होता तो पांढऱ्या कडेमध्यें रंगविलेला एक काळा चौरस. कॅनव्हास अवघा साडेएकोणऐंशी सेंटिमीटर लांब व तितकाच रुंद. परंतु तो टांगला होता दालनाच्या कोपऱ्यांत, दोन भिंती मिळतात तेथें, वर छताशीं. रशियन घरांत हा कोपरा पूज्य प्रतिमेचा. आपल्याकडील देव्हाऱ्याचें जें स्थान तेंच त्याचें. तेथें काळा चौरस लावणें म्हणजे काय, हें पेट्रोग्राडच्या प्रेक्षकांस कोणीं समजावून सांगावयास नको होतें. पूर्वीच्या सर्व कित्त्यांवर बोळा फिरवून त्यानें पाटी कोरी केली, असें म्हणावें. पण गंमत ही कीं पुसलेल्या पाटीचाच पुढें एक नवा कित्ता झाला.

आतां आमच्या प्रयत्नाची हकीकत. आम्हीं मूळ चित्राच्या मापाचा कॅनव्हास ताणून घेतला, पांढरा व काळा असे दोन तैलरंग, जवसाचें तेल, टर्पेंटाइन आणि दोन कुंचले आणविले. पहिल्या प्रयत्नांत आम्हीं पट्टीनें मोजमाप केलें, चारी कडांस चिकटपट्टी लाविली, आणि मधली जागा काळी केली. दोन संध्याकाळींत काम संपलें. चिकटपट्टी काढून पाहतों तों समोर एखाद्या कचेरींतील नोटिशीचा फळा उभा! छापील प्रतींतील चौरस, तोही इतका लहान असतां, जागच्या जागीं किंचित् हलतो असें वाटे. आमचा चौरस खिळे ठोकून बसविला होता. आम्हीं पुन्हां प्रत हातीं घेऊन पट्टी लावून पाहिली, तेव्हां कळलें कीं ज्यास जग चौरस म्हणतें तो चौरसच नव्हे. त्याच्या बाजू एकमेकींस काटेकोर समांतर नाहींत. कोन नेमके काटकोन नाहींत. ही चूक नव्हती. हात जिवंत असल्याची ती खूण होती.

दुसऱ्या खेपेस आम्हीं पट्टी व चिकटपट्टी बाजूस ठेवून नुसत्या हातानें काम आरंभिलें. सरळ रेषा हातानें काढणें किती कठीण आहे, हें ज्यानें काढून पाहिली नाहीं त्यास सांगून कळणार नाहीं. तिसऱ्या बाजूस हात खालीं घसरला. तें सावरण्यासाठीं काळें वाढविलें. काळें वाढतांच पांढरी कड खालच्या अंगास अरुंद झाली, आणि चौरस जणुं दमून खालीं बसला. मग खालून पांढरा रंग वाढविला, तर तो वर तरंगूं लागला. अशी ओढाताण चार दिवस चालली, आणि तेव्हां आमच्या ध्यानांत आलें कीं पांढरी कड ही काळ्याची नुसती पार्श्वभूमि नाहीं. काळ्यास पांढरें दाबतें आणि पांढऱ्यास काळें ढकलतें. दोघांच्या सीमेवर जो तंटा चालतो, तेंच चित्र. हें वाक्य आम्हीं पूर्वीं कलेवरील इंग्रजी ग्रंथांत निरनिराळ्या शब्दांनीं अनेकदां वाचलें होतें व परीक्षेच्या कामासाठीं त्याचा उपयोगही केला होता. पण तें आम्हांस समजलें तें त्या चौथ्या संध्याकाळीं, मनगट दुखत असतांना.

आणखी एक धडा रंगानेंच दिला. काळ्याचा एक थर पुरेसा काळा दिसेना, म्हणून आम्हीं त्यावर उतावीळपणें दुसरा आणि तिसरा थर दिला. खालचा थर अजून ओला होता. कांहीं आठवड्यांनीं वरच्या थरास बारीक भेगा पडूं लागल्या. आम्ही प्रथम खट्टू झालों. पण मग मूळ चित्राची आठवण झाली. त्यावरही भेगांचें जाळें पसरलें आहे, आणि त्या भेगांतून खालचे तांबूस-पिवळे रंग डोकावतात. मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयानें क्ष-किरणांच्या साहाय्यानें या चित्राची तपासणी केली, तिचा निष्कर्ष २०१५ सालीं जाहीर झाला. काळ्या चौरसाखालीं एक नव्हे, दोन रंगीत चित्रें दडलेलीं आहेत. एक घनवादाच्या वळणाचें. दुसरें त्यानंतरचें, सुप्रेमॅटिझमच्या उंबरठ्यावरील. म्हणजे ज्यास कोरी पाटी म्हणून मिरविलें, ती पाटी मुळांत कोरी नव्हतीच. जुना कित्ता गिरवून झाला होता, आणि त्याच्याच अंगावर नवें अक्षर काढलें होतें. आमच्या विद्यार्थ्याची धाकटी बहीण काळा चौरस काढील हें खरें. पण तिच्या चौरसाखालीं दुसरें कांहीं पुरलेलें नसेल.

या चौरसाची शाळा कशी झाली, तें आतां पाहूं. आज बेलारूस देशांत असलेल्या व्हितेब्स्क शहरीं मार्क शगाल या चित्रकाराचा जन्म झाला होता. क्रांतीनंतर १९१८ सालीं तो त्या प्रांताचा कलाविषयक अधिकारी झाला, आणि १९१९ च्या आरंभीं त्यानें एका सावकाराच्या जप्त केलेल्या हवेलींत लोकांसाठीं चित्रशाळा उघडली. यादवी युद्धाचे ते दिवस. धान्याची टंचाई, सरपणाची टंचाई. तथापि गोरगरिबांचीं, विशेषतः ज्यू कुटुंबांतील, मुलें तेथें लोटलीं. शगालचें धोरण उदार होतें. आपले जुने गुरु यहूदा पेन यांस त्यानें शिकविण्यास बोलाविलें, आणि ज्यांचीं मतें आपल्याशीं जुळत नाहींत अशांसही आणविलें. शिल्पशास्त्र व मुद्रणकला शिकविण्यास आलेल्या एल लिसिट्स्कीच्या आग्रहानें नोव्हेंबर १९१९ मध्यें मालेविच तेथें दाखल झाला.

पुढें जें झालें तें प्रत्येक शिक्षकानें मननीय मानावें असें आहे. अवघ्या कांहीं महिन्यांत शाळेंतील बहुतेक मुलें मालेविचच्या भोंवतीं गोळा झालीं. फेब्रुवारी १९२० मध्यें 'उनोविस' नांवाचा संघ स्थापन झाला. 'नव्या कलेचे पुरस्कर्ते' असा त्या संक्षिप्त नांवाचा अर्थ. संघाचीं माणसें बाहीवर काळा चौरस शिवीत. चित्रावर स्वतःचें नांव घालावयाचें नाहीं, संघाचें घालावयाचें, असा दंडक होता. शहरांतील भिंती, दुकानांच्या पाट्या, ट्रामगाड्या, सभांचे मंच यांवर वर्तुळें आणि चौकोन चढले. पुढें चित्रपट दिग्दर्शक म्हणून जगप्रसिद्ध झालेला आयझेनस्टाइन १९२० सालीं त्या शहरावरून गेला, तेव्हां त्या लाल विटांच्या घरांवरील पांढरा रंग आणि त्यावरील रंगीत आकृति पाहून चकित झाल्याचें त्यानें लिहून ठेविलें आहे. इकडे शगालचा वर्ग ओस पडला. जून १९२० मध्यें त्यानें स्वतः उभारलेली शाळा व स्वतःचें जन्मस्थान सोडून मॉस्कोचा रस्ता धरला.

मालेविचची शिकविण्याची रीत कोणती होती? ती एका अर्थानें धुळाक्षरांचीच होती. विद्यार्थ्यानें एकदम चौरस काढावयाचा नाहीं. प्रथम मेजावर एखादा पेला, बाटली, वाद्य असें कांहीं मांडून तें सेझानच्या पद्धतीनें रंगवावयाचें. मग तेंच घनवादाच्या पद्धतीनें. त्यानंतर गतीचें चित्रण करणाऱ्या भविष्यवाद्यांच्या पद्धतीनें. आणि या सर्व पायऱ्या ओलांडल्यावर शेवटीं सुप्रेमॅटिझम. त्यांतील मधल्या पायऱ्या वेरा येर्मोलायेव्हा नांवाची चित्रकर्ती फार आस्थेनें शिकवी. म्हणजे कित्ता होता तो एखाद्या चित्राचा नव्हे, तर चित्र ज्या नियमानें घडतें त्या नियमाचा. पुढें पेट्रोग्राडच्या कलासंस्थेंत मालेविचनें या रीतीस एका शास्त्राचें रूप देण्याचा प्रयत्न केला. प्रत्येक पद्धतीच्या मुळाशीं रेषेचें एक बीजरूप असतें. सेझानचें तंतूसारखें वळण, घनवादाची कोयत्यासारखी वांकडी रेषा, सुप्रेमॅटिझमची सरळ रेषा. हें बीज विद्यार्थ्याच्या हातांत शिरलें म्हणजे त्याचें सारें चित्र कसें बदलत जातें, तें तो रोगजंतूंच्या शास्त्रांतून उपमा घेऊन, वैद्य रोग्याचें निदान करतो त्या थाटानें तपासून पाही.

येथें एक आक्षेप सहजच उभा राहतो, आणि तो आम्ही टाळूं इच्छीत नाहीं. ज्या शाळेंत मुलांनीं एकाच गुरूची खूण बाहीवर शिवावयाची, चित्रावरील आपलें नांव पुसावयाचें, आणि न पटणाऱ्या शिक्षकास एकटें पाडावयाचें, तेथें शिक्षण झालें कीं दीक्षा? शगालला झालेलें दुःख खोटें नव्हतें. मुलांस त्यानें मोकळीक दिली, आणि मुलांनीं तिचा उपयोग शिस्त पत्करण्यासाठीं केला. शिक्षकाच्या आयुष्यांतील ही एक कडू गोष्ट आहे कीं तरुण माणसास पुष्कळदां मोकळीक नको असते. त्यास भक्कम, ठसठशीत, गिरवितां येईल असा कित्ता हवा असतो. मालेविचनें तो दिला. आतां तो देतांना त्यानें मुलांचे हात घडविले कीं बांधले, याचा निवाडा तत्त्वचर्चेनें व्हावयाचा नाहीं. मुलांचें पुढें काय झालें, तें पाहूनच तो केला पाहिजे.

१९२२ सालीं मालेविच व्हितेब्स्क सोडून पेट्रोग्राडला गेला, आणि त्याच्यामागून त्याचे कांहीं शिष्य गेले. निकोलाय सुयेतिन व इल्या चाश्निक यांनीं चिनी मातीच्या सरकारी कारखान्यांत काम धरलें, व काळा चौरस बशीच्या कांठावर, चहाच्या पेल्यावर असा आणला कीं तो तेथेंच जन्मला असावा. चाश्निक १९२९ सालीं, सत्ताविसाव्या वर्षाच्या आंत, वारला. पण तेवढ्यांतही त्याच्या चित्रांतील तरंगत्या पट्ट्यांस गुरूहून निराळें असें स्वतःचें एक अवकाश लाभलें होतें. लाझार खिदेकेल हा पंधरा-सोळा वर्षांचा पोर पुढें शिल्पशास्त्रज्ञ झाला, आणि चौरसांतून त्यानें इमारती व नगरें कल्पिलीं. लिसिट्स्कीनें व्हितेब्स्क येथें दोन चौरसांची एक गोष्ट मुलांसाठीं चित्रांतून रचली. ती १९२२ सालीं बर्लिन येथें पुस्तकरूपानें निघाली, आणि मुद्रणकलेच्या इतिहासांत तिला कायमचें स्थान मिळालें. एका काळ्या चौरसापासून बशी, नगर आणि पुस्तक निघालें. आणि यांतील कोणत्याही दोहोंची गल्लत होत नाहीं. ज्या कित्त्यापासून इतकीं निरनिराळीं अक्षरें निघतात, त्यानें हात बांधले असें म्हणवत नाहीं.

नक्कल आणि अस्सल यांच्यांतील सीमारेषा तर या चित्राच्या बाबतींत जवळजवळ पुसून गेली आहे. काळा चौरस एक नाहीं, चार आहेत. दुसरा, सुमारें १०६ सेंटिमीटरांचा, व्हेनिसच्या १९२४ सालच्या प्रदर्शनासाठीं काळा क्रूस व काळें वर्तुळ यांच्याबरोबर तयार झाला. आणि हीं तीन चित्रें रंगविण्याचें काम सुयेतिन, अन्ना लेपोर्स्काया व कॉन्स्टंटिन रोझ्देस्त्वेन्स्की या शिष्यांच्या हातून झालें. आज तो सेंट पीटर्सबर्गच्या रशियन संग्रहालयांत मालेविचच्याच नांवानें आहे. तिसरा १९२९ सालीं त्रेत्याकोव्ह संग्रहालयांतील प्रदर्शनासाठीं मालेविचनें काढला, कारण मूळ चित्र तोंवर भेगांनीं जर्जर झालें होतें. चौथा, आकारानें सर्वांत लहान, २००२ सालीं एका धनिकाच्या देणगीनें हर्मिटेज संग्रहालयांत आला. गुरूनें स्वतःचाच कित्ता पुनःपुन्हां गिरविला, आणि एकदां तर तो शिष्यांकडून गिरवून घेऊन आपला म्हणून मान्य केला. याहून नवलाची गोष्ट अशी कीं १९२९ च्या त्या प्रदर्शनाच्या सुमारास त्यानें आपल्या तरुणपणच्या शैलींत, मोनेच्या वळणाचीं, कित्येक चित्रें नव्यानें काढून त्यांवर जुनीं सालें घातलीं. कित्येक वर्षें अभ्यासक त्यांस त्याचीं आरंभींचीं चित्रें समजत होते. या वर्तनास इतिहासाचा शिक्षक या नात्यानें आम्ही प्रामाणिक म्हणणार नाहीं. परंतु पन्नाशींतील एक माणूस आपल्या गेलेल्या वाटेवरून पुन्हां चालून पाहतो, यांतील व्याकुळता आम्हांस कळते.

कारण तोंवर दुसराच एक कित्ता देशापुढें ठेवला गेला होता. १९२६ सालीं वर्तमानपत्रांतील कडक टीकेनंतर मालेविचची कलासंस्था बंद करण्यांत आली. १९३० सालीं त्याला अटक करून तुरुंगांत ठेवण्यांत आलें. १९३२ सालीं सरकारी हुकुमानें कलावंतांचे सर्व स्वतंत्र संघ मोडले, आणि १९३४ पासून समाजवादी वास्तववाद ही एकच मान्य रीत ठरली. या नव्या कित्त्याचें वैशिष्ट्य असें कीं तो गिरवून पुढें जावयाची सोय नव्हती. जन्मभर त्यावरूनच बोट फिरवीत राहावयाचें, आणि बोट बाहेर गेलें तर शासन. मुलांस पायरीपायरीनें शिकविणाऱ्या येर्मोलायेव्हेस १९३४ च्या अखेरीस अटक झाली आणि १९३७ सालीं ती गोळीस बळी पडली. मालेविच त्यापूर्वींच, मे १९३५ मध्यें, लेनिनग्राड येथें कर्करोगानें वारला. शेवटच्या वर्षांत तो पुन्हां माणसांचीं चित्रें काढूं लागला होता; परंतु १९३३ सालच्या आत्मचित्रांत, युरोपच्या पुनरुज्जीवनकालीन पोषाखांत उभ्या असलेल्या त्या आकृतीच्या कोपऱ्याशीं, सहीच्या जागीं त्यानें एक इवलासा काळा चौरस काढलेला आहे. त्याच्या अंत्ययात्रेच्या गाडीवरही तोच होता.

या सर्व हकीकतीवरून आमचें मत असें झालें आहे कीं कित्ता चांगला कीं वाईट, हा प्रश्नच चुकीचा आहे. खरा प्रश्न हा कीं पाटी पुसण्याचा दिवस ठरलेला आहे कीं नाहीं. पंतोजींच्या कित्त्यास अंत होता, अजिंठ्याच्या नकलेस अंत होता, व्हितेब्स्कच्या पायऱ्यांसही शेवटची पायरी होती. ज्या कित्त्यास अंत नाहीं तो मात्र, मग तो चौरसाचा असो कीं कमळाचा, विद्या नव्हे, वेठ होय. आणि दुसरें असें कीं गिरविल्याखेरीज पुसण्यास अर्थ नाहीं. ज्याच्या काळ्याखालीं कांहींच दडलेलें नाहीं, त्याचें काळें नुसतेंच काळें.

आमचा दुसरा चौरस, भेगांसकट, आम्हीं वर्गांत नेला. तो विद्यार्थी पुढें येऊन बराच वेळ पाहत राहिला, आणि म्हणाला, "सर, डावीकडून वर सरकल्यासारखा वाटतो." आम्हीं त्यास कुंचला देऊं केला. तो हंसला नाहीं. पुढील आठवड्यांत स्वतःचा कॅनव्हास घेऊन आला. त्याचा चौरस आमच्याहून वाईट होता, हें त्यानेंच प्रथम सांगितलें, आणि कोठें बिघडला तेंही सांगितलें. एवढें शिक्षण एका सहामाहींत आमच्या व्याख्यानांनीं क्वचितच होतें.

त्या दिवशीं घरीं येऊन आम्हीं उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोडला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या कारणांवर आम्हींच वर्गांत सांगून लिहवून घेतलेल्या टिपा, स्वल्पविरामासकट, चाळीस वेळां वाचावयास मिळाल्या. अशा उत्तरांस आम्ही गेलीं पंचवीस वर्षें भरपूर गुण देत आलों आहों. आणि मुलें स्वतंत्र विचार करीत नाहींत अशी तक्रारही तितकींच वर्षें करीत आलों आहों. कित्ता आम्हीं दिला होता, मुलांनीं तो इमानानें गिरविला होता. पाटी केव्हां पुसावयाची, हें मात्र त्यांस कोणीं सांगितलें नव्हतें. आणि तें सांगणें ज्याचें काम, तो त्या रात्रीं लाल पेन्सिल हातांत धरून, कोणत्या उत्तरास किती गुण द्यावेत या विवंचनेंत बराच वेळ बसून होता.